फळा भिंतीवर लावा, आणि आधी पुसू द्या

साडेतीन वर्षांची लेक व्हाइटबोर्डवर मार्कर मुठीत धरते, 'अ' गिरवायला नको म्हणते, ही तुमची काळजी वाचली. ताई, या वयात हे अगदी स्वाभाविक आहे. आधी उभी रेघ, मग आडवी, तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह. हात असाच वळत जातो. तिरकी रेघ त्याहून उशिरा जमते.

तुमच्या प्रश्नाला उत्तर देताना कुणीतरी व्हाइटबोर्ड टेबलावर आडवा ठेवा म्हटलंय. मी भिंतीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला लावा म्हणेन. उभ्या फळ्यावर मनगट आपोआप मागे वळतं, बोटं मोकळी होतात, खांद्यालाही काम मिळतं.

आमच्या बालवाडीत मी आधी पुसायला देते. फळाभर नागमोडी साप काढते आणि मुलं एका बोटाने शेपटीपासून डोक्यापर्यंत तो पुसत जातात. जीभ बाहेर, श्वास रोखलेला, बोटाचं टोक काळंकुट्ट! टोपणही त्यांनाच काढू-लावू द्या, दोन्ही हात एकत्र चालतात. मूठ सुटतच नसेल तर काही दिवस पाटी आणि पेराएवढा खडू द्या. एवढासा तुकडा चिमटीतच धरावा लागतो, शिवाय पाटीवर तो गुळगुळीत फळ्यावरच्या मार्करसारखा निसटत नाही.

आणि अक्षरांची वेळ येईल तेव्हा 'अ'चा हट्ट नको. ग, म, न घ्या. उभा दंड तर तिला आत्ताच येतोय.