अमेरिकेच्या सामर्थ्याचा मध्यान्ह कोणत्या अध्यक्षाच्या काळात होता?

उत्तरायण (धागाकर्ता):

अमेरिकेचा सूर्य कलला की नाही यावर सध्या जिकडेतिकडे वाद चालतात, पण तो माथ्यावर नेमका केव्हा होता हे ठरवल्याशिवाय त्या वादाला अर्थ नाही. माझे मत असे, की हॅरी ट्रुमन यांच्या कारकिर्दीची पहिली सुमारे साडेचार वर्षे, म्हणजे एप्रिल १९४५ ते ऑगस्ट १९४९, हाच तो काळ होय. जगातील कारखान्यांत तयार होणाऱ्या मालापैकी जवळजवळ निम्मा माल तेव्हा एकट्या अमेरिकेत निघत होता. सर्व देशांच्या सरकारी तिजोऱ्यांतील सोन्याचा दोन तृतीयांशाच्या घरातला हिस्सा तिच्याकडे होता. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जुलै १९४५मध्ये झालेल्या चाचणीपासून ऑगस्ट १९४९मधल्या सोव्हिएत चाचणीपर्यंत अणुबॉम्बही दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

माझा मुख्य आधार मात्र या आकड्यांपेक्षा मार्शल योजनेच्या कार्यपद्धतीवर आहे. १९४८पासून पुढच्या चार वर्षांत पश्चिम युरोपातील १६ देशांना सुमारे १३ अब्ज डॉलरची मदत मिळाली, आणि तीत पराभूत जर्मनीचा पश्चिम भाग व इटलीही होते. ही मदत मुख्यतः गहू, कोळसा, कापूस आणि यंत्रे या रूपाने येई. माल घेणाऱ्या सरकारने त्याची किंमत आपल्या चलनात वेगळ्या खात्यात जमा करायची आणि ते पैसे अमेरिकेच्या संमतीनेच खर्च करायचे, असा नियम होता. दुसऱ्या देशाच्या अंदाजपत्रकात इतक्या आत बसण्याची आणि तरीही त्या देशाने आभार मानण्याची स्थिती पुढे कोणत्याही अध्यक्षाला लाभली नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा आराखडा रूझवेल्ट असताना जुलै १९४४मध्ये ब्रेटन वूड्स येथे ठरला हे खरे, पण त्या संस्था प्रत्यक्ष उभ्या राहिल्या त्या ट्रुमन यांच्या काळात. एप्रिल १९४९मध्ये त्यांत नाटोची भर पडली. आज जग ज्या घरात राहते, त्याचे वासे तेव्हा घातले गेले.

टिळकरोड:

उत्तरायण, मांडणी नेटकी आहे, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. जगाचे निम्मे उत्पादन अमेरिकेत होत होते, कारण उरलेल्या जगाचे कारखाने जमीनदोस्त झाले होते. आळीतली सगळी घरे जळाल्यावर आपले एकच घर उंच दिसते. त्या उंचीला शिखर म्हणता येणार नाही. जे अणुबॉम्ब आपण हिशेबात धरता, ते १९४६ साली डझनभरही नव्हते. सैन्याचीही तीच गत होती. १९४५मध्ये गणवेशात असलेले १ कोटी २० लाख लोक दोन वर्षांत सुमारे १५ लाखांवर आले.

या सामर्थ्याने साधले काय, हेही पाहावे. पोलंडमध्ये मोकळ्या निवडणुका होतील असे १९४५मध्ये याल्टा येथे अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्यात ठरले होते; जानेवारी १९४७मध्ये तिथे झालेली निवडणूक निव्वळ देखावा ठरली आणि अमेरिकेने निषेधाचा खलिता पाठवला. फेब्रुवारी १९४८मध्ये चेकोस्लोव्हाकिया आणि ऑक्टोबर १९४९मध्ये चीन साम्यवाद्यांच्या हाती गेला. जगातला सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा देश हातातून निसटत असताना जो काही करू शकला नाही, त्याच्या काळाला मध्यान्ह म्हणायला माझे मन धजत नाही.

माझ्या मते बिल क्लिंटन यांची कारकीर्द, विशेषतः १९९५ ते २०००, हा माथा होय. मार्च १९९६मध्ये चीन तैवानच्या किनाऱ्याजवळ क्षेपणास्त्रे डागत होता, तेव्हा क्लिंटन यांनी ‘इंडिपेन्डन्स’ आणि ‘निमिट्झ’ या दोन विमानवाहू नौकांचे ताफे त्या भागात आणले, आणि चीनला ते मुकाट्याने पाहावे लागले. १९९९मध्ये कोसोव्हो प्रांतासाठी सर्बियावर ७८ दिवस नाटोचे हवाई हल्ले चालले. सुरक्षा परिषदेची परवानगी नव्हती, रशियाचा विरोध होता, आणि तरीही एकही अमेरिकी सैनिक लढाईत न पडता सर्बियाला माघार घ्यावी लागली. हे सारे करताना संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता, आणि १९९८ ते २००१ अशी सलग चार वर्षे अंदाजपत्रकात शिल्लक पडत होती. इतक्या कमी श्रमात इतकी मोठी पकड कोणत्याही साम्राज्याने ठेवल्याचे मला ठाऊक नाही.

एक स्वतःचे सांगतो. १९९८च्या हिवाळ्यात मी पुण्याहून न्यू जर्सीला गेलो. एका बँकेच्या, कोबोल या जुन्या संगणकभाषेतल्या प्रणालीत वर्षासाठी दोनच अंकांची जागा होती. ९९ नंतर ०० आले की तीस वर्षांच्या कर्जाचे व्याज उलटे फिरणार होते. खोलीत आम्ही चौदा जण होतो, आणि त्यांपैकी अकरा पुणे, हैदराबाद आणि मद्रास इथले. दिवसभर हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर ओळी चाळायच्या, वर्षाची जागा सापडली की ती चार अंकांची करायची आणि पुढच्या ओळीवर जायचे. त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी कुशल कामगारांना मिळणाऱ्या एच-१बी व्हिसांची मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली. आमच्या अभियांत्रिकीच्या वर्गातली निम्मी मुले कोणीही जबरदस्ती न करता त्या एका देशाकडे निघाली होती. हे सामर्थ्य कोणत्याही तक्त्यात मावत नाही, पण मी ते विमानतळावरच्या रांगेत उभे राहून पाहिले आहे.

गुहागरकर:

टिळकरोड यांचा अनुभव खरा आहे, पण क्लिंटन यांच्या काळातल्या पकडीची दुसरी बाजू भारतातूनच दिसते. आमच्या तालुक्यातल्या, एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार रद्द करू नये, असा इशारा जून १९९५मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिला होता. तरी ऑगस्टमध्ये महाराष्ट्राच्या सरकारने तो रद्द केला. पुढे काही महिन्यांतच नव्या अटींवर तडजोड झाली, म्हणून तेवढ्यावरून मी निष्कर्ष काढत नाही. मात्र मे १९९८मध्ये पोखरणच्या तयारीचा सुगावा अमेरिकी उपग्रहांना लागला नाही, चाचण्यांनंतर घातलेल्या निर्बंधांनी भारत वाकला नाही, आणि मार्च २०००मध्ये क्लिंटन स्वतः दिल्लीला आणि मुंबईला आले. प्रतिस्पर्धी नसणे आणि आपले म्हणणे मान्य करवून घेता येणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्याच्या निर्णयावर चालणारी पकड हीच कसोटी असेल, तर माझे मत ड्वाइट आयझेनहॉवर यांना, आणि त्यातही १९५६च्या नोव्हेंबरला. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी २६ जुलैला सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले होते. २९ ऑक्टोबरला इस्रायल सिनाईत घुसला आणि दोन दिवसांनी ब्रिटन व फ्रान्स यांची विमाने इजिप्तवर बॉम्ब टाकू लागली. तिघेही अमेरिकेचे मित्र होते. आयझेनहॉवर यांची स्वतःची निवडणूक ६ नोव्हेंबरला होती, आणि अशा वेळी मित्रांविरुद्ध जाणे कोणत्याही सल्लागाराने टाळायलाच सांगितले असते. हल्ला थांबवण्याचा अमेरिकेचा ठराव ब्रिटन आणि फ्रान्स यांनी सुरक्षा परिषदेत नकाराधिकाराने अडवला. मग तो आमसभेत गेला आणि २ नोव्हेंबरला ६४ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला.

खरा घाव मात्र पैशाचा होता. बाजारात पौंड विकले जात होते, तो सावरायला ब्रिटनला डॉलर हवे होते, आणि त्या एका महिन्यात त्याच्या गंगाजळीतून सुमारे २८ कोटी डॉलर वाहून गेले. नाणेनिधीतून पैसे काढायचे तर अमेरिकेची संमती लागत होती, आणि युद्ध थांबल्याशिवाय ती मिळणार नव्हती. कालवा बुडवलेल्या जहाजांनी बंद झाला होता, सीरियातून येणारी तेलवाहिनी उडवली गेली होती, आणि अमेरिकेचे तेलही सैन्य परत फिरेपर्यंत अडवलेले होते. कारवाईचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता असलेला अर्थमंत्री हॅरोल्ड मॅकमिलनच मंत्रिमंडळात थांबा म्हणू लागला. ६ नोव्हेंबरच्या मध्यरात्री युद्धविराम झाला, माघार कबूल झाल्यावर डिसेंबरमध्ये नाणेनिधीने १.३ अब्ज डॉलरची सोय केली, आणि जानेवारीत पंतप्रधान ईडन यांनी राजीनामा दिला. शतकभर जगाचा कारभार पाहिलेल्या सत्तेला एका आठवड्यात, एकही गोळी न झाडता, असे परत फिरवल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

उत्तरायण:

गुहागरकर, सुएझचे वर्णन नेमके आहे, पण त्याच आठवड्यात, ४ नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. हंगेरीचे लोक मदतीची वाट पाहत राहिले आणि आयझेनहॉवर यांना काहीही करता आले नाही. म्हणजे ती पकड मित्राच्या मनगटावर होती, शत्रूच्या नव्हे. शिवाय ज्या नाणेनिधीने ब्रिटनला वाकवले, तो मी सांगतो त्याच काळात घडवलेला होता.

बार्शीकर:

आपण सगळे वॉशिंग्टनच्या बाजूने पाहत आहात, म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो. १९६६ साली मी दहा वर्षांचा होतो आणि रेशनच्या दुकानासमोर पिशवी घेऊन उभे राहणे हे माझे काम होते. मिळायची ती लाल मिलो, म्हणजे अमेरिकी ज्वारी. आमच्या शाळूपुढे ती काहीच नव्हती. पीठ मळताना चिकटपणा धरत नसे, भाकरी तव्यावर टाकता टाकता कडेने फाटायची, आणि आई ती हाताने पुन्हा जुळवायची. त्या वर्षी देशात सुमारे १ कोटी टन परदेशी धान्य आले, त्यातले बहुतेक अमेरिकेतून, १९५४च्या पीएल-४८० या अन्नमदतीच्या कायद्याखाली. लिंडन जॉन्सन यांनी हे धान्य एकदम न देता थोडे थोडे सोडायचे ठरवले होते, आणि पुढचे जहाज निघणार की नाही हे शेतीधोरणाबरोबरच व्हिएतनामविषयी दिल्ली काय बोलते, यावरही ठरत असे. जून १९६६मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला, त्यातही परदेशी मदत देणाऱ्यांचा दबाव होता.

तेव्हा माझे मत जॉन्सन यांच्या १९६५-६६ या दोन वर्षांना. व्हिएतनामचे युद्ध, वृद्धांसाठी आणि गरिबांसाठी वैद्यकीय विमा, चंद्रावर माणूस पाठवण्यासाठी केंद्रीय खर्चातले चार टक्क्यांहून अधिक पैसे, आणि वर आमच्यासारख्यांच्या ताटातली भाकरी, हे सारे एकाच वेळी पेलणारा देश मी नंतर पाहिला नाही.

टिळकरोड:

बार्शीकर काका, आपण लिहिलेले वाचून बराच वेळ थांबलो. तरी नम्रपणे असहमती नोंदवतो. भूक असूनही भारताने अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावरची टीका सोडली नाही, आणि जहाजांची वाट पाहण्याचा जो चटका बसला, त्यातूनच नव्या गव्हाच्या बियाण्यांचा आग्रह धरला गेला. पाच-सहा वर्षांत ती दोरी तुटली. शिवाय हे सारे पेलले गेले नव्हते, उधारीवर चालले होते. मार्च १९६८मध्ये लंडनच्या बाजारात सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलरवर सावरून धरणे सोडून द्यावे लागले, आणि १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात त्या दराने सोने देण्याचे बंधनच काढून टाकले.

माझा मुद्दा येथूनच पुढे जातो. सोन्याचा आधार गेल्यावर डॉलर कोसळायला हवा होता, पण २००० साली जगातील मध्यवर्ती बँकांच्या परकीय चलनसाठ्यात त्याचा वाटा ७० टक्क्यांच्या घरात होता. नुसत्या विश्वासावर कागद चालवणे हे तिजोरीत सोने ठेवण्यापेक्षा मोठे सामर्थ्य आहे. क्लिंटन यांच्या बाजूने बोलताना एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. ऑक्टोबर २०००मध्ये चीनला कायमस्वरूपी व्यापारी सवलत देणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली, आणि आजचा प्रतिस्पर्धी त्या वाटेने मोठा झाला.

उत्तरायण:

सर्वांचे वाचून माझी कालमर्यादा मी आवळतो. पोलंडचा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून आता १९४५पासून न धरता जून १९४८ ते मे १९४९, म्हणजे सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते व रेल्वे अडवल्या, ते नाकेबंदीचे महिने धरतो. येथे समोर मित्र नव्हता, स्टालिन होता. पश्चिम बर्लिनच्या वीस लाखांहून अधिक लोकांना हवाई मार्गाने जगवायचे ठरले, आणि ब्रिटनच्या साथीने सुमारे २ लाख ७७ हजार उड्डाणांतून २३ लाख टन माल पोचवला गेला, त्यात सर्वांत मोठा वाटा कोळशाचा. १९४९च्या ईस्टरला २४ तासांत १,३९८ विमाने उतरली, म्हणजे मिनिटाला जवळजवळ एक. १९४६ साली बॉम्ब डझनभरही नव्हते हा टिळकरोड यांचा मुद्दा येथे मला उपयोगी पडतो. जुलै १९४८मध्ये ब्रिटनला पाठवलेली बी-२९ बॉम्बफेकी विमाने अणुबॉम्ब वाहण्यास सज्जही नव्हती, तरी नाकेबंदी करणाऱ्यांनी एकही मालवाहू विमान पाडले नाही, आणि १२ मे १९४९ रोजी रस्ते मोकळे केले.

गुहागरकर:

ही मर्यादा अधिक पटते, आणि हंगेरीबद्दलचा आपला आक्षेप मी परतवू शकत नाही. तरी दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले तर फरक उरतोच. बर्लिनमध्ये जे आधीच हाती होते, ते राखण्यासाठी अमेरिकेला अकरा महिने अहोरात्र उडावे लागले. इजिप्तमधल्या पोर्ट सैदच्या धक्क्यावरून शेवटचे ब्रिटिश आणि फ्रेंच सैनिक २२ डिसेंबर १९५६ रोजी जहाजांवर चढले, तेव्हा युद्धविरामाला सात आठवडेही झाले नव्हते, आणि त्यासाठी अमेरिकेने खर्च केले होते ते फक्त नकाराचे काही शब्द.