पुण्याच्या गाडीतला सभ्यपणा नक्की कोणी घालवला?

माळव्याची_लेक
परवा इथे एका काकांनी लिहिलं की इंदूर-पुणे गाडीत आता सभ्य माणसानं बसायची सोय राहिली नाही. तरुण पोरं कानात काही न घालता रील बघतात, म्हाताऱ्यांना खालची बर्थ सोडत नाहीत, आमच्या वेळी डबा म्हणजे घरच असायचं, वगैरे. त्यावर लाइकचा पाऊस पडला. मला मात्र वाचून जो राग आला तो अजून उतरला नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी पुण्यात नोकरी करते, आई-बाबा इथे इंदूरला लोकमान्य नगरात. ही गाडी माझी नेहमीची. रीलचा त्रास आहे, अगदी मान्य. पण उज्जैन सुटलं की फोन स्पीकरवर टाकून आधी मुलाला, मग सुनेला, मग व्याह्यांना "बसलो बरं का गाडीत" असं ओरडून सांगणारे कोण असतात? विशीतले नसतात.

मागे एकदा मी डब्यात चढले तर माझ्या लोअरवर एक काकू चादर अंथरून आडव्या झालेल्या. उशाला पर्स, पायाशी शेवेच्या पिशव्या. म्हटलं, काकू, ही माझी सीट आहे. त्यांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "तू लहान आहेस, वर जा." माझी पाळी चालू होती, कंबर धरलेली होती. ते सगळ्या डब्यासमोर सांगायचं का मी? रतलाम येईपर्यंत कडेला टेकून बसले आणि आजूबाजूचे माझ्याकडेच असे बघत होते की हिला घरी काही शिकवलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर दिलीही असती, कैकदा दिली आहे. न विचारता घ्यायचं आणि वर संस्कार काढायचे, याला मी सभ्यपणा म्हणणार नाही.

राजेंद्रनगरकर
ते लिहिणारा मीच. एका बाईंवरून सगळ्या ज्येष्ठांना झोडपलंत, छान. आता माझं ऐका. बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, तिकिटावर आली मिडल. समोर लोअरवर पंचविशीचा मुलगा. हात जोडून विचारलं हो, विचारलं! तो म्हणाला, "अंकल, एसीचं तिकीट काढायचं ना." मुलगा मराठीच, घरी फोनवर मराठीतच बोलत होता. रात्री बारापर्यंत चौघांचा मोबाइलवर खेळ आणि आरडाओरडा. बायको रात्रभर सामानावर पाय ठेवून बसून राहिली. पूर्वी समोरच्याला विचारल्याशिवाय आम्ही जेवणाचा डबा उघडत नव्हतो. पोळी-भाजी सगळ्यांत फिरायची. हे गेलं की नाही गेलं?

निवृत्त_टीसी
मिडल का आली ते सांगतो. खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुष 60 पूर्ण, बायका 45 पूर्ण. पण तो लागतो एकट्या किंवा दोघांच्या तिकिटाला. तुम्ही लोक मुलगा, सून, नातवंडं सगळी एका तिकिटावर घालता, मग तो कोटा लागत नाही. आणि गाडीत येऊन त्या पोराला शिव्या घालता. त्यानं लोअरचा पर्याय निवडून महिनाभर आधी काढलेलं असतं. गाडी सुटल्यावर एखादी लोअर रिकामी राहिली तर टीसी ज्येष्ठांना देऊ शकतो, त्याच्याकडे जायचं. नोकरीतली निम्मी भांडणं मी याच कारणावरून मिटवली आहेत.

राजेंद्रनगरकर
आमचं तिकीट मुलानं काढलं होतं, पाच जणांचं. ते असो. गुडघे दुखणाऱ्या बाईला बघून माणसाला काही वाटायला कोटा लागतो का?

सियागंजवाला
कोट्याचं सोडा, सवलतीचं बोला! मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या नावाखाली ज्येष्ठांची सवलत बंद केली, पुरुषांना 40 टक्के आणि बायकांना 50 टक्के होती, ती आजतागायत आली नाही. पूर्ण पैसे भरून म्हातारा माणूस मिडलवर चढणार आणि वर पोरांकडून शिष्टाचार शिकणार. आधी ते परत द्या.

माळव्याची_लेक
सवलत मी बंद केली का? आणि पूर्ण पैसे मीही भरते.

सियागंजवाला
तुम्हाला पगार आहे. आमच्या वडिलांना पेन्शनसुद्धा नाही, दुकान भावाकडे गेलं. वर्षातून एकदा बहिणीकडे पुण्याला जायचे, आता "कशाला एवढा खर्च" म्हणून टाळतात. बसले आहेत घरी. तुम्ही इथे आवाजाच्या गोष्टी करून राहिलात.

भवरकुआं_हॉस्टेल
काका, वडिलांचं वाईट वाटलं, खरंच. पण सवलतीचा राग त्या पंचविशीच्या मुलावर का? मीही तसाच प्रवास करतो. परीक्षेला जाताना रात्रीची झोप लागतेच. मी 'नाही' म्हटलं की लगेच मी उद्धट. माझ्या घरची अडचण कोणी विचारत नाही.

सियागंजवाला
परीक्षा आम्हीही दिल्या, उभ्यानं प्रवास करून.

निवृत्त_टीसी
सवलतीचा आणि वागण्याचा संबंध नाही. सवलत चालू होती तेव्हाही हीच भांडणं होती, मी डब्यात होतो.

सियागंजवाला
तुम्हाला पास होता, तुम्ही बोलूच नका!

निवृत्त_टीसी
पास नोकरी करून मिळवला. रात्र रात्र उभं राहून. तोंड सांभाळून बोला.

पाटनीपुऱ्याची_सून
दोघेही थांबा जरा. मला वेगळंच खुपतं. आपण इंदूरकर 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिले म्हणून मिरवतो. घरी ओला-सुका वेगळा केला नाही तर कचरागाडीवाला परत पाठवतो आणि आपण मुकाट्यानं वेगळा करतो. तीच माणसं डब्यात बसली की शेंगांची टरफलं बर्थखाली, नमकीनची पाकिटं खिडकीबाहेर, खाऊन झाल्यावर बेसिनमध्ये भात. हे म्हातारेही करतात, पोरंही करतात. शहर सुधारलं ते दंड होता म्हणून, घराघरासमोर रोज गाडी आली म्हणून. रात्री दहानंतर मोठ्या आवाजात बोलायचं नाही, मोबाइल वाजवायचा नाही, दिवे बंद करायचे, असा रेल्वेचा नियम आहेच. कोणाला कधी दंड झालेला पाहिलाय? मनातून सभ्यपणा येईल म्हणून वाट बघू नका.

राजेंद्रनगरकर
दंडानं माणूस गप्प बसेल. उठून जागा देणार नाही. ते घरातूनच यावं लागतं.

पाटनीपुऱ्याची_सून
इंदूरच्या राजवाड्यावर आज कोणी कागद टाकत नाही तेही आधी घरातून आलं नव्हतं. सवय लागली, मग मुलांनी ती घरातच शिकली. माझा मुलगा गाडीत चॉकलेटचा कागद खिशात ठेवतो, त्याला मी कधी सांगितलं नाही.

भवरकुआं_हॉस्टेल
खरं दुखणं लांबच्या प्रवासाचं आहे. रतलाम, वडोदरा, सुरत, वसई, कल्याण असा वळसा घालून पुण्याला जायचं, म्हणजे अख्खी रात्र अनोळखी माणसांच्या कुशीत काढायची. इंदूर-मनमाड रेल्वेलाइन 2024 मध्ये मंजूर झाली, 309 किलोमीटर. ती झाली की निम्मी भांडणं संपतील.

निवृत्त_टीसी
लाइन झाली तरी मिडल बर्थ तिथेच राहणार. रात्री दहा ते सकाळी सहा उघडायची, हा नियम कोणी पाळत नाही. लोअरवाला आठलाच झोपतो, मिडलवाला सकाळी नऊपर्यंत उठत नाही. लोअरवाला बिचारा मान वाकवून चहा पितो.

माळव्याची_लेक
राजेंद्रनगरकर, तुम्हाला त्या मुलानं दिलेलं उत्तर वाईटच होतं. 'नाही' म्हणायचा हक्क त्याला होता, तसं बोलायचा नव्हता. एवढं मी म्हणते. पण "आजकालची पोरं" हे मागे घ्या.

राजेंद्रनगरकर
"काही पोरं" म्हणतो. त्याहून खाली येणार नाही. त्या काकूंनी मात्र तुम्हाला विचारायला हवं होतं, हेही म्हणतो. पुढच्या वेळी आम्हा दोघांचं तिकीट वेगळं काढायला मुलाला सांगितलंय.

सियागंजवाला
आणि सवलतीचं काय? त्यावर अजून एकही माणूस धड बोलला नाही.