प्राण्यांची अंतराळवारी आणि विनोदी ॲनिमेशनपट: मुलांपासून किती लपवायचं?

रानवाट
कुत्री, माकडं, चिंपांझी रॉकेटमध्ये बसतात, अंतराळात धमाल करतात आणि जल्लोषात परत येतात, अशा कथेचे कौटुंबिक ॲनिमेशनपट माझ्या मुलीला फार आवडतात. विनोदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती या सिनेमांनी पाडलेल्या एका पायंड्याला. त्यांतला प्राणी बहुतेक वेळा आपल्या मर्जीने निघतो. कुणाला तारे जवळून बघायचे असतात, कुणाला घराण्याचं नाव राखायचं असतं, कुणी खोडी काढायला म्हणून यानात शिरतो. प्रत्यक्षात एकाही प्राण्याला मर्जी नव्हती.

लायका ही मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेली भटकी कुत्री. ३ नोव्हेंबर १९५७ ला तिला सोव्हिएत यान स्पुतनिक-२ मधून पाठवलं तेव्हा परत आणण्याची सोयच त्या यानात नव्हती. ती काही दिवस जगली असं जगाला सांगण्यात आलं. खरं तर उड्डाणानंतर काही तासांतच ती उष्णतेने गेली होती, आणि हे उघड व्हायला २००२ साल उजाडलं.

अमेरिकेचा हॅम हा कॅमेरूनमधून पकडून आणलेला चिंपांझी. दिवा लागला की त्याने तरफ ओढायची. वेळेत ओढली तर केळ्याच्या चवीची गोळी, चुकली तर तळपायाला विजेचा झटका. ३१ जानेवारी १९६१ ला सुमारे साडेसोळा मिनिटांचं उड्डाण करून तो जिवंत परतला. त्याचे दात दिसणारा फोटो लोकांनी हसरा समजून पाहिला. चिंपांझी घाबरला की असे दात विचकतो. तो चेहरा कमालीच्या भीतीचा आहे, असं चिंपांझींच्या अभ्यासक जेन गुडॉल यांनी सांगितलं आहे. आणि पडद्यावरचे कार्टून चिंपांझी मात्र आनंदाने नेमके तसेच दात दाखवतात.

मुलांना हसवा, पण घाबरलेल्या जिवाला हौशी प्रवासी करून दाखवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. मतं वाचायला आवडतील. विरोधी असतील तर जास्तच.

धूमकेतू
साफ असहमत. सिनेमा हा इतिहासाचा तास नाही, आणि जे खरोखर आनंदाचं घडलं ते आनंदाने सांगायला काय हरकत आहे? बेल्का आणि स्त्रेल्का या दोन सोव्हिएत कुत्र्या १९ ऑगस्ट १९६० ला उडाल्या, बरोबर ससा, उंदीर आणि माश्या होत्या, आणि एक दिवस पृथ्वीभोवती फिरून त्या सुखरूप परतल्या. पुढे स्त्रेल्काला सहा पिल्लं झाली. त्यातलं पुशिंका नावाचं पिल्लू सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या मुलीसाठी थेट व्हाइट हाउसला पाठवलं. तिथे तिचं केनेडींच्या चार्ली नावाच्या कुत्र्याशी जमलं आणि त्यांनाही पिल्लं झाली! शीतयुद्ध ऐन भरात असताना. हा विनोदी कौटुंबिक सिनेमा नाही तर काय आहे? या जोडीवर रशियात २०१० साली ॲनिमेशनपट आला तो उगाच नाही. प्रत्येक हसऱ्या कथेच्या गळ्यात लायकाचं मरण बांधलंच पाहिजे, हा हट्ट मला समजत नाही.

रानवाट
धूमकेतू, पुशिंकाची गोष्ट मलाही आवडते. पण तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. २८ जुलै १९६० ला चाइका आणि लिसिच्का या दोन कुत्र्या उडाल्यावर लगेच रॉकेटच फुटलं आणि दोघी गेल्या. त्यानंतर तीन आठवड्यांनी बेल्का-स्त्रेल्का. मग १ डिसेंबरला प्चोल्का आणि मुश्का निघाल्या, परतीच्या वेळी बिघाड झाला आणि त्याही गेल्या. बेल्का-स्त्रेल्का सुखरूप आल्या हा नशिबाचा भाग होता. सिनेमात तो नायिकांच्या हुशारीचा विजय होतो, म्हणजे ज्या परत आल्या नाहीत त्या बिचाऱ्या कमी पडल्या असा अर्थ आपोआप निघतो.

पडद्यामागे
ॲनिमेशनच्या पटकथांवर काम करते, म्हणून कामाच्या बाजूने लिहिते. पात्राला काहीतरी हवं असल्याशिवाय विनोद उभा राहत नाही. पट्ट्यांनी बांधलेला, दिवा लागण्याची वाट पाहणारा प्राणी ऐंशी-नव्वद मिनिटं नायक म्हणून चालवून दाखवा. नाही चालणार. त्याला इच्छा दिली की तो बोलतो, भांडतो, पळतो, मित्र जोडतो. बोलणारा कुत्रा म्हणजे कुत्र्याच्या रूपातलं लहान मूल, आणि बघणाऱ्या मुलांनाही हे पक्कं ठाऊक असतं.

माझी तक्रार वेगळी आहे. यातल्या बऱ्याच सिनेमांना अंतराळाची गंमतच कळलेली नसते. पात्रं यानात तरंगत जातात आणि परग्रहावर पोहोचताच पृथ्वीवर असल्यासारखी धावू लागतात. खरे प्रयोग याहून कितीतरी रंजक आहेत. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकावर अराबेला आणि अनिता नावाच्या दोन कोळिणी नेल्या होत्या. ती कल्पना एका शाळकरी मुलीची. अराबेलाचं पहिलं जाळं वेडंवाकडं झालं, पण थोड्याच दिवसांत ती नीट विणायला लागली. त्याच स्थानकावर नेलेले मासे सुरुवातीला गोल गोल गिरक्या घेत होते, कारण त्यांना वर-खाली कळेना. मांजर पडताना हवेतच वळून पायांवर येतं ना, तेही वजनरहित अवस्थेत गोंधळतं. विमानात काही क्षण ती अवस्था निर्माण करून मांजरांना मुद्दाम तपासलं गेलं होतं. पाय कुठे टेकायचे हेच न कळणारं, स्वतःच्या ऐटीला जपणारं मांजर! यातून किती प्रसंग निघतील. हे सोडून हिरव्या राक्षसाच्या मागे धावायचं कशाला?

राहिले दात. चिंपांझीचा खरा मोकळा, खेळकर चेहरा तोंड उघडं आणि वरचे दात झाकलेले असा असतो. तो काढणं अवघड नाही. ही दुरुस्ती मी आनंदाने करेन.

शेवरी
मुलांना झेपणार नाही, हे कारण कुणी देण्याआधीच सांगते की ते मला मान्य नाही. कितीतरी गाजलेल्या ॲनिमेशनपटांत सुरुवातीलाच नायकाची आई किंवा वडील जातात. मुलं रडतात, प्रश्न विचारतात आणि पुढे हसतातही. आपल्या लोककथांत तर राक्षस, सावत्र आई, वनवास सगळं आहे. मग फक्त अंतराळात गेलेल्या कुत्रीचं मरण का लपवायचं? मला वाटतं, इथे मारणारा राक्षस नसून माणूस आहे म्हणून मोठ्यांनाच ते अवघड जातं. रानवाटशी पूर्ण सहमत.

निरभ्र
माणूस म्हणजे राक्षस, इतकं सोपं करू नका. त्या काळी अंतराळात हृदय चालेल का, अन्न गिळता येईल का, मेंदू शुद्धीवर राहील का, हे कुणालाच माहीत नव्हतं. हॅमनंतर तीन महिन्यांच्या आतच, १२ एप्रिल १९६१ ला अंतराळातला पहिला माणूस गागारिन गेले, ५ मेला पहिले अमेरिकी अंतराळवीर शेपर्ड. त्या दोघांच्या घरच्यांनी जो सुटकेचा श्वास टाकला त्यात या प्राण्यांचा वाटा आहे. शास्त्रज्ञही दगडाचे नव्हते. उड्डाणाआधी त्या कार्यक्रमातले शास्त्रज्ञ व्लादिमीर याझदोव्स्की यांनी लायकाला आपल्या घरी मुलांशी खेळायला नेलं होतं, कारण तिच्याकडे फारसा वेळ उरलेला नाही हे ते जाणून होते. पांढऱ्या कोटातला दुष्ट शास्त्रज्ञ दाखवणारा सिनेमा हौशी चिंपांझीच्या सिनेमाइतकाच खोटा असेल. मला विनोदी आणि कौतुकाचाच सिनेमा आवडेल. या प्राण्यांचं नाव मुलांच्या ओठांवर राहतं ते अशाच सिनेमांमुळे.

रानवाट
निरभ्र, याझदोव्स्कींच्या घरचा तो प्रसंग कुणी सिनेमात घेतला तर मी मुलीला घेऊन पहिल्या दिवशी जाईन. मुलांशी खेळणारी कुत्री, तिने केलेली पळापळ, आणि दारात उभा असलेला तो माणूस. त्यात हसू आहे आणि सत्यही आहे. पण त्याच कार्यक्रमातले ओलेग गाझेन्को १९९८ मध्ये काय म्हणाले तेही विसरू नका. त्या मोहिमेतून जे कळलं ते कुत्रीच्या मृत्यूचं समर्थन होईल इतकं नव्हतं, असं त्यांनी खेदाने सांगितलं. प्रयोग करणाऱ्यालाच जे इतकी वर्षं सलत राहिलं, ते पटकथेतून पुसून टाकायचा अधिकार आपल्याला नाही.

मनमोकळी
एक गोष्ट मला कायम खटकते. २००८ मध्ये एक ॲनिमेशनपट आला होता, त्यात तीन माश्या अपोलो ११ मध्ये लपून चंद्रावर जातात. शेवटी अपोलो ११ मधून चंद्रावर उतरलेले खुद्द बझ ऑल्ड्रिन पडद्यावर येऊन सांगतात की यानात असे कोणी जीव नव्हते. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या सिनेमात हॅमचा काल्पनिक नातू सर्कशीतला चिंपांझी असतो आणि वीर ठरतो. म्हणजे माशीबद्दल खुलासा करायला एवढा मोठा माणूस आणता येतो. मग हॅमबद्दल शेवटी दोन खऱ्या ओळी, एक खरा फोटो दाखवायला किती वेळ लागतो? मधला गोंधळ हवा तेवढा घाला, पण श्रेयनामावलीच्या आधी त्यांची खरी नावं येऊ द्या.

धूमकेतू
श्रेयनामावलीत नावं आली तर माझी काहीच हरकत नाही. पण शेवरींच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं राहिलं. सिनेमातली आई जाते तेव्हा मुलाला ती गोष्ट आहे हे माहीत असतं. लायका खरी होती. सहा वर्षांच्या मुलाला पॉपकॉर्न खाताना हा फरक एकदम अंगावर येतो आणि मग रात्री उत्तरं देत बसायला दिग्दर्शक येत नाही. वय बघून सांगावं, आणि कधी सांगायचं ते पालकांनी ठरवावं. सिनेमाने त्या मुलाच्या मनात प्राण्यांबद्दल माया पेरली तरी त्याचं काम झालं. वाईट काय घडलं ते विचारायला तेच मूल पुढे आपल्याकडे येतं.

निरभ्र
वाद घालून झाला असेल तर पटकथेसाठी एक विषय सुचवतो. सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत यान झोंड-५ मधून दोन कासवं चंद्राला वळसा घालून हिंदी महासागरात उतरली. जिवंत! अपोलो ८ ची माणसं तिथे पोहोचली डिसेंबरमध्ये. ससा-कासवाच्या शर्यतीचा इतका मोठा निकाल लागलेला असताना अजून कुणी त्यावर सिनेमा काढलेला मी पाहिला नाही. इथे तरी कुणी मेलं नाही, रानवाट.

रानवाट
प्रवासात नाही, पण परतल्यावर तपासणीसाठी त्यांना मारलं गेलं. आणि उड्डाणाच्या आधीपासून त्यांचं खाणं बंद होतं. तरीही विषय फार सुंदर आहे. सिनेमा काढायचाच तर कासवांना चंद्राची ओढ लावू नका, त्यांना कडकडून भूक लागलेली दाखवा. खिडकीबाहेर चंद्र आणि आत जेवण कधी मिळणार याचीच चिंता करणारी दोन कासवं, यावर माझी मुलगी पोट धरून हसेल. पडद्यामागे, हे नायक तुमच्याने नव्वद मिनिटं चालवता येतील का?

पडद्यामागे
भुकेलं पात्र? नक्की चालेल. त्याला काय हवंय ते पहिल्याच प्रसंगात कळतं आणि यानात कुणाशी भांडायचं तेही. शेवट मात्र अडतोय. परतल्यावर त्यांना पोटभर खायला मिळालं असं दाखवलं तर तुमचा आक्षेप येणार, आणि प्रयोगशाळेपर्यंत नेलं तर धूमकेतूंचा.