वॉशिंग्टनला इथिओपियन हॉटेलात माळकऱ्यानं काय खावं?

दारव्ह्याचा शेतकरी

राम कृष्ण हरी मंडळी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. अकरा एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. पोरगी-जावई अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या बाजूले सिल्व्हर स्प्रिंगले राहतात. होळी झाली का मी अन् घरची निघतो, मृगाच्या आत परत.

मागच्या साली पोरगी बाळंत झाली तवा आमाले जाता आलं नाही, व्हिसाची तारीखच भेटली नाही. सिझर झालं होतं. तिच्या शेजारी इथिओपियाची एक बाई राहते, तिनं वीस दिवस माह्या लेकीचं केलं. जवाच्या पिठाचा घट्ट गोळा, मधोमध खड्डा करून त्यात मसाल्याचं तूप, असं ती रोज सकाळी गरम गरम आणायची. गेन्फो म्हणतात त्याले. त्याईच्यात बाळंतिणीले हेच देतात, आपण हळिवाची खीर देतो तसं.

आता त्या बाईनं आमाले तिच्या देशाच्या हॉटेलात जेवाले बोलावलं हाय. माह्या गळ्यात सव्वीस वर्षांपासून तुळशीची माळ हाय. मटण, मच्छी, अंडं काहीच चालत नाही. पोरगी सांगते का तिथं सारे एकाच ताटात जेवतात अन् एकमेकाले घास भरवतात. जावई म्हणतात, मामाजी, डबा घेऊन चला. पण जिनं माह्या लेकीले जेवू घातलं तिच्यापुढं मी डबा उघडू काय? ते मले जमणार नाही. कोणाले माहीत असन तर नीट सांगजा, काय मागवाचं अन् काय टाळाचं.

नागपूरहून मेरीलँड

काका, डबा अजिबात नेऊ नका. मी नऊ वर्षं त्याच भागात आहे. शाकाहारी माणसाला वॉशिंग्टनमध्ये इतकं पोटभर आणि निर्धास्त जेवण दुसऱ्या कुठल्याच परदेशी हॉटेलात मिळत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

1974 साली इथिओपियाच्या सम्राटाला, हेले सेलासीला, लष्करानं पदच्युत केलं. त्यानंतरच्या दडपशाहीत देश सोडलेले हजारो लोक या शहरात येऊन वसले. त्यांची हॉटेलं आधी ॲडम्स मॉर्गन भागात निघाली, मग यू स्ट्रीट आणि नाइन्थ स्ट्रीटकडे. भाडी वाढली तशी बरीच मंडळी बाहेर सरकली: तुमच्या मुलीचं सिल्व्हर स्प्रिंग, नदीपलीकडे अलेक्झांड्रिया. यू स्ट्रीटवरचं 'दुकेम' जुनं आणि नावाजलेलं आहे, पण माझं मत विचाराल तर सिल्व्हर स्प्रिंगमधल्याच एखाद्या लहान हॉटेलात जा. तिथं त्यांची आपली माणसं जेवायला येतात.

मागवायचं ते 'येत्सोम बेयायनेतु'. त्सोम म्हणजे उपवास. एका मोठ्या इंजेरावर, म्हणजे त्यांच्या आंबट धिरड्यावर, सात-आठ भाज्या-डाळी मांडून आणतात. मिसिर वोट म्हणजे मसुरीची तिखट लाल डाळ, किक अलिचा म्हणजे हळद घातलेली वाटाण्याची डाळ, गोमेन ही पालेभाजी, शिवाय कोबी-बटाटा-गाजर. आणि शिरो. नावावरून गोड वाटेल, पण ते आपलं बेसन आहे. चून-भाकरीतलं चून!

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक, तुमचं ताट वेगळं हवं, कारण मिश्र ताटात मधोमध दोरो वोट म्हणजे कोंबडी आणि उकडलेलं अंडं असतं. दुसरं, मासा नको. त्यांच्यात काही जण उपवासाला मासा चालवतात, म्हणून 'आसा नको' असं स्पष्ट सांगा. पिवळसर 'तेज' कोणी पुढे केलं तर ती मधाची दारू असते. कांदा-लसूण मात्र भरपूर असतो, तो वर्ज्य असेल तर अवघड आहे.

अकोल्याचे सर

मी चार वर्षं अदिस अबाबाला शिकवायला होतो. वरच्या ताईंनी नेमकं सांगितलंय, मी फक्त उपवासाचं पुरं करतो.

तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, लोणी, अंडं यांतलं काही खात नाहीत. ईस्टरच्या आधी सलग 55 दिवस हाच नेम. म्हणजे तुम्ही नेमके त्यांच्या मोठ्या उपवासात पोचताय. तुमच्या यजमानबाई नेम पाळत असतील तर त्या दिवसांत त्यांच्याही ताटात तेच असेल जे तुमच्या. हे त्यांना विचारून घ्या, वेगळं ताट मागायचा संकोचच राहणार नाही.

घास भरवण्याला 'गुर्शा' म्हणतात. मोठ्या माणसाला मानानं भरवतात. जेवणाआधी हात धुतात, उजव्याच हातानं जेवतात, बोटं चाटत नाहीत. आपल्याकडच्या उष्ट्याखरकट्याच्या विचाराला जवळपास तेच नियम आहेत. तरी नको वाटलं तर हात जोडून छातीला लावा, कोणी रागावत नाही.

शेजारच्या टेबलावर लोक कच्च्या खिम्यासारखं काही खाताना दिसले तर दचकू नका. त्याला कित्फो म्हणतात.

पवनीची सून

आमच्या भंडाऱ्यात लाखोळीची डाळ होते ना, तीच त्यांच्याकडे 'गुआया' नावानं पिकते. दुष्काळात ती एकटीच तगून राहते, म्हणून गरिबाच्या पोटात महिनोन्महिने तीच जाते आणि मग पाय लुळे पडतात. हे दुखणं त्यांनीही पाहिलंय, आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांनीही. शिरो कधी चण्याचा, कधी वाटाण्याचा, कधी लाखोळीचाही असतो. एका जेवणानं काही होत नाही काका, बिनधास्त खा. मला फक्त राहवलं नाही, म्हणून लिहिलं.

दारव्ह्याचा शेतकरी

राम कृष्ण हरी. जेवून आलो. तुम्ही साऱ्याईनं एवढं सांगतलं, तर पुढचं सांगणं माह्यं काम हाय.

सरांनी सांगतल्यावरून पोरीनं त्या बाईले विचारलं. तिचाही उपवास चालू होता. शुक्रवारी गेलो. वेतानं विणलेल्या उंच टोपलीवर ताट ठेवलं, पाच जणाईत एकच, अन् त्यात माह्या माळेले अडन असं काहीच नव्हतं. जावयानं डबा घरीच ठेवला.

इंजेरा म्हणजे धिरडंच, पण हातभर मोठं, मऊ, वरून सारी जाळी. एकाच बाजूनं भाजतात, पलटवत नाहीत. पीठ दोन-तीन दिवस आंबवतात, त्यानं आंबिलीसारखी आंबट चव येते. घरचीले पहिला घास नाही आवडला, तिसऱ्यापासून आवडला. धान्याचं नाव तेफ. मी पाह्याले मागतलं तर मालकानं आतून मूठभर आणून तळहातावर ठेवलं. खसखशीएवढा दाणा! एवढ्या बारीक दाण्याची पेरणी अन् कापणी कशी करत असतीन, मी जेवण सोडून तेच विचारत बसलो. बियाणं हातानं फेकून पेरतात, ज्वारीसारखं दोन दाण्यात अंतर नाही. अमेरिकेत भेटणाऱ्या इंजेऱ्यात गहू-जवाचं पीठही मिसळतात, निव्वळ तेफाचा पाह्यजे तर आधी सांगा लागते.

शिरो खाल्लं. ताई, ते चूनच हाय. मसाल्यात फरक, बाकी आईच्या हातचं चून.

जेवता जेवता त्या बाईनं एक घास गुंडाळला, आधी आमच्या घरचीले भरवला, मग मले. मी मागं सरलो नाही. आमच्या घरचीनं तिले भरवला तवा तिच्या डोळ्यात पाणी आलं. तिची माय तिकडंच वारली, हिले जाता आलं नव्हतं. पोरीनं हे आमाले आधी सांगतलंच नव्हतं.

मग समोर कॉफीचे दाणे भाजून, काळ्या मातीच्या सुरईत उकळून तीन वेळा दिली. मी कॉफी पीत नाही. पहिली वाटी घेतली.

आता पुढच्या रविवारी ती आमच्याकडं येते. मी म्हटलं ज्वारीची भाकर खाऊ घालतो, तर म्हणते तिच्या मायच्या गावी इंजेरा ज्वारीचाच करत. मशिला म्हणतात ज्वारीले. पण इथल्या किराण्यातून आणलेलं पीठ जुनं हाय, थापली का भाकर चिरते. उकड काढून पाह्यली, तरी काठ फाटतात. मेरीलँडच्या ताई, ताजं पीठ भेटते असं एखादं दुकान, नाहीतर ज्वारी दळून देणारं कोणी माहीत हाय काय? रविवारच्या आत सांगजा.