मदत हवी आहे : फुलपाखरू कीबोर्डच्या मॉडेलसाठी कॅमचा आकार कसा आखावा?

नमस्कार मंडळी. डिप्लोमा मेकॅनिकलच्या मुलांसोबत आयबीएमच्या थिंकपॅड ७०१ (१९९५) मधल्या 'बटरफ्लाय' कीबोर्डचं चालतं मॉडेल करतोय. जॉन कॅरिडिस या इंजिनिअरची ही कल्पना. लॅपटॉपची रुंदी जेमतेम ९.७ इंच, पण उघडल्यावर कीबोर्ड ११.५ इंचांचा होतो आणि दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावतो! कीबोर्डचे दोन तिरके, पायऱ्यापायऱ्यांच्या कडेचे तुकडे केलेत. झाकण उघडलं की ते एकमेकांलगत सरकतात आणि सलग ओळी तयार होतात. वेगळी मोटर नाही, वेगळं बटण नाही. झाकणाचीच हालचाल वापरलीय. मला तर हा यांत्रिक रचनेचा अगदी सुंदर नमुना वाटतो.

आमचे तुकडे थ्रीडी प्रिंटरवर, पीएलए या प्लास्टिकमध्ये छापलेत. हाताने सरकवले तर नीट बसतात. कॅम (झाकणाचं फिरणं तुकड्यांच्या सरकण्यात बदलणारा आकार दिलेला भाग) जोडला की मात्र शेवटच्या टप्प्यात पायऱ्यांचे कोपरे एकमेकांना अडतात. झाकण जोरात दाबलं तर पिन वाकते.

आडवी आणि उभी सरक एकाच कॅमवर घ्यावी की दोन वेगळे खाचे ठेवावेत? शेवटी थोडा 'ड्वेल' (कॅम फिरतो पण तुकडा जागीच थांबतो असा टप्पा) दिला तर अडणं थांबेल का? पायऱ्यांमध्ये फट किती ठेवावी? आणि मुंबई-पुण्यात कुणाकडे बंद पडलेला ७०१ असेल तर फक्त मापं घ्यायला येऊ, खोलणार नाही. मुलं फार मन लावून करताहेत, कृपया सुचवा.