दही खाल्लं लेकरानं, नाकं आमची कामून गळायलेत?

सेलूकर_७७
नमस्कार मंडळी. घरात आम्ही सात माणसं, सोयाबीन पाण्यात पिवळं पडलं ते जाऊ द्या, पंधरा दिवसापासून नुसतं शिंका न् खोकला चालू आहे. आधी बारकं लेकरू, दुसरीत आहे, त्याचं नाक गळायला लागलं, तीन दिवसानं त्याच्या आईला, मग मला, मग आमच्या आईला, अन् काल बाबा आजारी पडले (वय ७१, शुगर आहे). आई म्हणते लेकरू शाळेतून भिजत आलं अन् वरून दहीभात खाल्ला, त्याचंच हे सगळं. बरं, खाल्लं त्यानं, मी तर दह्याला शिवलो पण नाही. मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या आणून खाल्ल्या, फरक शून्य. अन् गोवर कसा एकदा झाला की झाला, हे पडसं दरवर्षी कामून होतंय?

ट्युशन_एरिया_लातूर
दादा दही बिचारं बदनाम आहे 😄 मी नीटच्या तयारीला इथं हॉस्टेलला राहते, एका रूममध्ये चौघी, खिडकीला लागून दुसरी बिल्डिंग, हवा नाहीच. एकीला सर्दी झाली की आठवड्यात चौघी आडव्या. मेसमध्ये दही महिन्यातून एकदा मिळतं ते पण पाण्यासारखं.

सिस्टर_नांदेड
नर्स आहे, वीस वर्षं वॉर्डात काढली म्हणून जरा लांबण लावते.

सर्दी व्हायरसनं होते, तो दुसऱ्या माणसाकडूनच येतो. शिंकताना, खोकताना, बोलताना सुद्धा बारीक थेंब उडतात, बंद खोलीत त्यातले अगदी बारीक हवेत तरंगत राहतात. दुसरा रस्ता हाताचा. लेकरू नाक पुसतं, तोच हात मोबाईलला, दाराच्या कडीला, तुम्ही कडी धरता अन् मग डोळा चोळता, झालं काम. आपण दिवसातून किती वेळा तोंडाला हात लावतो ते एकदा मोजून बघा, लाज वाटंल.

व्हायरस अंगात शिरल्यावर त्रास सुरू व्हायला साध्या सर्दीला एक ते तीन दिवस लागतात, फ्लूला एक ते चार. म्हणून तुमच्या घरात असं तीन-तीन दिवसानं ओळीनं आलं. अन् फ्लूचा माणूस स्वतःला काही व्हायच्या एक दिवस आधीपासूनच व्हायरस वाटत सुटलेला असतो, त्यामुळं आजारी दिसल्यावर लांब बसून अर्धाच फायदा.

गोवराचा व्हायरस एकाच जातीचा, शरीर एकदा ओळखलं की जन्मभर ओळखतं. सर्दीवाल्यात एकट्या रायनोव्हायरसचेच १६० च्या वर प्रकार, शिवाय आरएसव्ही, अ‍ॅडिनोव्हायरस अन् बाकीचे वेगळेच. फ्लूवाला तर सारखं रूप बदलतो, म्हणून त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. लहान लेकरांना वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं नॉर्मल आहे.

अँटिबायोटिक जंतूंवर चालतं, म्हणजे बॅक्टेरियावर, व्हायरसवर नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून पण लागत नाही. तीन गोळ्या मनानं आणून खायचं तर सोडाच.

बाबांचं मात्र अंगावर काढू नका. शुगर आहे, वय आहे, आजच दाखवा. फ्लू निघाला तर त्याची गोळी पहिल्या ४८ तासात सुरू केली तर जास्त लागू पडते.

वसमतची_काकू
सिस्टर तुमचं शिक्षण खरं, पण थंडी-पाण्याचा संबंधच नाही हे मी नाही मानत. आमची उमर गेली बघण्यात, पाऊस सुरू झाला की घरोघरी खोकला.

सिस्टर_नांदेड
काकू तुम्ही बघितलं ते खरंच आहे. आपल्याकडं फ्लू पावसाळ्यात वाढतो, अन् परत जानेवारी ते मार्चमध्ये. पण इंग्लंडात सॅलिसबरीला १९४६ पासून सर्दीवर अभ्यास करायचं एक केंद्रच होतं, तिथं माणसांना ओलं करून गार वाऱ्यात उभं केलं, तरी नुसत्या गारठ्यानं सर्दी वाढलेली दिसली नाही. व्हायरस पाहिजेच. गार हवेत नाकाच्या आत त्याला वाढायला बरं पडतं हे आहे, पण मोठं कारण म्हणजे पावसात आपण दारं-खिडक्या लावून एका खोलीत बसतो. काळीपिवळीत पंधरा माणसं कोंबून काचा वर केल्या की काय होणार सांगा.

वसमतची_काकू
म्हणजे दोघी बरोबर 🙂 हळद-दूध चालतं ना?

सिस्टर_नांदेड
चालतं की, घशाला बरं वाटतं. वाफ घेताना उकळत्या पातेल्यापासून लेकरं लांब ठेवा, भाजलेली पोरं लई बघितलीत.

सेलूकर_७७
बाबांना दाखवून आलो, ऑक्सिजन ९७ आहे, गोळ्या दिल्यात, दम लागला तर लगेच या म्हणले.

सिस्टर तुम्ही दिवस मोजायला लावले म्हणून बायकोसोबत बसून मागं मागं गेलो. लेकराची सर्दी महालक्ष्म्या उठल्याच्या दोन दिवसानं सुरू झाली. महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरात चाळीस एक माणूस होतं, बाहेर धो धो पाऊस म्हणून सगळे एकाच माळवदाच्या खोलीत. अन् पुण्याहून बहिणीचं लेकरू आलं होतं, नाक वाहत होतं त्याचं, दोघं एका ताटात पुरणपोळी खात बसले होते, फोटो पण आहे. आईला दाखवला. म्हणते, जावयाच्या घरचं लेकरू आहे, दह्याचंच नाव राहू दे.