भंगारवाल्याला नावं ठेवू नका

काहीजण म्हणतात की अवजड यंत्रं एकदा भंगारात गेली की संपलीच. पण लटूर्नो या अमेरिकी यंत्रनिर्मात्या कंपनीच्या 'स्नो-ट्रेन'चं, म्हणजे बर्फावर टायरांवर चालणाऱ्या, रूळ नसलेल्या आगगाडीचं उदाहरण बघा. अमेरिकी लष्करासाठी 1956 च्या सुमारास बांधलेली ही एलसीसी-1, टायर जवळपास 10 फूट उंच, म्हणजे दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर जेमतेम वरून दिसेल! ग्रीनलंडच्या बर्फावर चालली, मग अलास्कातल्या फेअरबँक्सच्या एका भंगार अड्ड्यात पडून राहिली. आज कॅनडातल्या व्हाइटहॉर्सच्या वाहतूक संग्रहालयात उभी आहे. अड्डेवाल्याने गॅसकटर चालवला असता, तर काय राहिलं असतं?

मला खरं भावतं ते आतलं तंत्र. डिझेल इंजिन फक्त वीज तयार करतं, प्रत्येक चाकात स्वतंत्र मोटर, मागच्या डब्यांच्या चाकांतही. आपल्या डिझेल लोकोसारखंच, फक्त रूळ नाहीत.

उलट, तिची नंतर आलेली, पण आकाराने मोठी बहीण टीसी-497 ही 54 चाकांची, टर्बाइनवर चालणारी. सरकारी ताब्यातच होती ती, तरी डबे भंगारात गेले. अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या युमाला उरलीय फक्त पुढची केबिन.